पाण्यातला ठिपका

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. जुन्या टोपोशीटवरचं, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावरचं पळसदेव गाव उजनी धरणाच्या निळ्या पॉलिगॉनमध्ये, पाण्याच्या आकृतीत पडतंय आणि खाली तुझा प्रश्न : 'आई, शीट सरकलंय. ठिपका उडवू ना?' फोनवर सांगितलं असतं, पण ऑफिसात असलीस की तू नुसतं 'हं, हं' करतेस. म्हणून पत्र.

शीट सरकलंय हे खरं. रस्ते, ओढे, सगळेच एका दिशेला शे-दीडशे मीटर हललेले दिसत असतील. तो डेटमचा, म्हणजे नकाशा ज्या मापावर बसवला त्या पायाचा घोळ. जुनी शीटं जॉर्ज एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे त्यानं मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेली. मोजणीदार लॅम्बटननं १८०२मध्ये मद्रासला पायारेषा मोजली, तिथून निघालेल्या मोजणीतून आलेला तो आकार. भारताच्या अंगाला मापून शिवलेला ब्लाऊजच म्हण ना. तुझी उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४वर, म्हणजे साऱ्या पृथ्वीला चालेल अशा मापावर. क्यूजीआयएस या तुझ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीटला मूळचा डेटम नीट दिलास की ते बरंचसं जागेवर येईल. यात पत्र लिहिण्यासारखं काही नाही.

पण ठिपका पाण्यात गेलाय तो त्यामुळे नव्हे. डेटम दुरुस्त केलास तरी तो पाण्यातच राहील. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. त्या पाण्यासाठी जुनं गाव उठलं आणि वर, सोलापूर रस्त्यालगत येऊन बसलं. नाव तेच नेलं. शीट आधीचं आहे, तेव्हा त्याच्या दृष्टीनं ठिपका बिनचूक आहे.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. नवीन लेक्चरर असताना सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन गेले होते. एका ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आजींना विचारलं, 'तुमचं गाव हेच ना?' त्या म्हणाल्या, 'कंचं गाव इचारता बाई? हितलं का पाण्यातलं?' माझ्या फॉर्मवर गावासाठी एकच रकाना होता. मी 'हितलं' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. अजून लाज वाटते. आजींनीच मग माझी वही ओढून घेतली आणि शेंगांची टरफलं मांडून जुनं गाव दाखवलं : ही वेस, हा पार, इथून नदीचा घाट, हे पळसनाथाचं देऊळ, ही आमची आळी. टरफलं उचलायच्या आत मी पेन्सिलीनं खुणा करून घेतल्या. सोयरीक कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत होते, तेही त्यांनी बोटानं काढलं. त्या रेषा एकाही सर्व्हे शीटवर नाहीत.

आणि आपण ज्याला निळा पॉलिगॉन म्हणतो तोही काही कायमचा नाही. उजनीचा मृत साठा, म्हणजे दारांच्या खाली उरणारं पाणीच, ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. पातळी त्याखाली गेली की पेपरात 'उजनी उणेमध्ये' अशी बातमी येते. २०२४च्या उन्हाळ्यात ती तशी खोल गेली आणि पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. लोक गाड्या करून बघायला गेले. मे महिन्याचं उपग्रहचित्र घेतलंस तर तिथे जमीन दिसेल, ऑक्टोबरचं घेतलंस तर पाणी. तुझ्या लेयरवर, नकाशाच्या त्या थरावर, चित्राची तारीख नाही, हे मला ठिपक्यापेक्षा जास्त खटकलं. (तुझ्या साहेबांना माझं नाव सांगू नकोस.)

तर ठिपका ठेव. जुन्या गावठाणांचा लेयर वेगळा कर, अ‍ॅट्रिब्यूट टेबलात, ठिपक्यांच्या माहितीच्या तक्त्यात, शीटच्या मोजणीचं वर्ष टाक, आणि नावाचे रकाने दोन ठेव : एक सरकारी, एक लोकांच्या तोंडचं. भीमेकाठानं असे ठिपके तुला आणखी सापडतील. घाईनं पुसू नकोस.

वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. जिओरेफरन्स करता येतोय का, म्हणजे खऱ्या नकाशावर जागच्या जागी बसवता येतोय का बघ. कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा पक्की धरायची खूण, म्हणून देवळाचं शिखर घे, मला खात्रीचं तेवढंच वाटतं. आणि उत्तर दिशा शोधत बसू नकोस, पानावर ती नाही. वरच्या बाजूला आजींचं माहेर आहे.

तुझी,
आई