रवाळ मध बनावट नसतो
महोदय,
थंडी पडली की माझ्याकडे मधाच्या बाटल्या परत येऊ लागतात. 'भाऊ, यात त साखर बसली ना खाली!' मधातल्या ग्लुकोजचे थंडीत बारीक स्फटिक होतात, मध रवाळ होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होतो. दर डिसेंबरात हेच सांगून घसा बसतो.

साखर मी आणतो खरी, पण माश्यांसाठी! भर पावसाळ्यात फुलोरा नसला की पाक पाजून वसाहती जगवाव्या लागतात; तेव्हा मध काढत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की पेट्यांवर ओले गोणपाट, शेजारी पाण्याची परात, त्यात काड्या, माश्या बुडू नयेत म्हणून.

खरी कमाई जानेवारी-फेब्रुवारीत, काटोलकडे संत्र्याचा आंबिया बहर फुलतो तेव्हा. गेल्या बहरात शेजारच्या बागेत भर सकाळी फवारणी झाली. दुपारी पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा, काही अजून गरगरत होत्या. बागायतदारांना विनंती, फुले असताना फवारू नका. अगदीच अडले तर सूर्यास्तानंतर फवारा आणि आदल्या दिवशी एक फोन करा. पेट्या रातोरात हलवतो.

- एक मधपाळ, नागपूर