तिमोरला कुणाच्या पटावरचं प्यादं म्हणू नका

प्रति,
मा. संपादक

विषय : तिमोर-लेस्तेच्या आसियान प्रवेशावरील लेखाबाबत

स. न. वि. वि.

तिमोर-लेस्ते, म्हणजे इंडोनेशियाशेजारची पोर्तुगीजांची जुनी वसाहत पूर्व तिमोर, 26 ऑक्टोबर 2025 रोजी क्वालालंपूरच्या परिषदेत आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. त्यावरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशाला एवढी जागा दिली, याबद्दल आधी आभार मानतो. पण लेखाचा सगळा रोख चीन तिथे किती शिरला, ऑस्ट्रेलिया काय करेल आणि आपल्या पदरात काय पडेल, यावरच राहिला. तिमोर म्हणजे 'बड्यांच्या पटावरचं प्यादं' असं लेखक म्हणतात. शिवाय गोव्याप्रमाणे पूर्व तिमोरनेही शेजारी देशातलं विलीनीकरण मान्य केलं असतं तर रक्तपात टळला असता, असंही त्यांनी लिहिलं आहे. गोव्यात इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हे वाचून गप्प बसवलं नाही.

गोवा आणि तिमोर यांचं नातं खरंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिमोरचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या अखत्यारीत होता. पण तेवढ्यावरून दोघांचं विलीनीकरण एका मापाने मोजता येत नाही. इथे 18 जून 1946 ला मडगावात लोहियांच्या सभेला गर्दी जमली ती गोवेकरांची होती. तुरुंगात गेले तेही गोवेकर. भारतात यायचं की नाही यावर 1961 मध्ये मतदान झालं नाही, हे खरं आहे. पण दोनच वर्षांत निवडणूक झाली, स्वतःचं सरकार आलं. महाराष्ट्रात जायचं का, हा प्रश्न आला तेव्हा 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल घेतला गेला. आमच्या घरातली मोठी माणसं फुलावर शिक्का मारणारी, विलीनीकरणवादी. गोवा वेगळा ठेवा म्हणणारी दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. वडिलांना ते फार लागलं, पण निकाल त्यांनी मान्य केला, कारण विचारलं तर होतं.

तिमोरला कुणी विचारलं? फ्रेटिलिन या तिथल्या स्वातंत्र्यवादी पक्षाने 28 नोव्हेंबर 1975 ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिली या राजधानीत उतरलं. सैन्य मागे घ्या, असा ठराव सुरक्षा परिषदेने महिनाअखेरीच्या आत एकमताने केला. तो कागदावरच राहिला. पुढच्या मे महिन्यात निवडून न आलेल्या, निवडक माणसांची सभा दिलीत भरवून तिच्याकडून विलीनीकरणाची मागणी वदवून घेतली आणि जुलैत तो इंडोनेशियाचा 27 वा प्रांत झाला. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या हिशेबानुसार 1974 ते 1999 या काळात किमान 1,02,800 माणसं या संघर्षापायी गेली, त्यातली बहुतेक भूक आणि आजाराने. लोकसंख्या तेव्हा सात लाखांच्या आत-बाहेर होती. आणि संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात आपला देश त्या वर्षांत इंडोनेशियाच्या बाजूला होता. वसाहतवादाविरुद्ध जगभर बोलणाऱ्या भारताने हे करायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्तपात विलीनीकरण नाकारल्यामुळे झाला असं म्हणणाऱ्यांनी 12 नोव्हेंबर 1991 ची सकाळ आठवावी. मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या स्मरणासाठी लोक दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीकडे चालत गेले. हातात फलक होते, शस्त्रं नव्हती. सैनिकांनी भिंतीच्या आतल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. मॅक्स स्टाल हा ब्रिटिश पत्रकार थडग्यांमधून चित्रीकरण करत होता. पकडलं जाण्याआधी त्याने टेप ताज्या मातीच्या एका कबरीत पुरली आणि रात्री परत येऊन काढून नेली. ती जगाने पाहिली म्हणून तिमोर पुन्हा बातम्यांत आला. पाच वर्षांनी तिमोरचे बिशप बेलो आणि स्वातंत्र्यलढ्याची बाजू जगापुढे मांडणारे जुझे रामुस-होर्ता यांना शांततेचं नोबेल मिळालं. इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेल्यानंतर, 30 ऑगस्ट 1999 ला एकदाचं मतदान झालं. 98 टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या 78.5 टक्क्यांनी स्वातंत्र्य मागितलं. निकाल लागताच सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं पेटवली. त्या राखेतून 20 मे 2002 ला देश उभा राहिला.

आता 'प्यादं' या शब्दाकडे येतो. या देशाला सर्वांत जास्त छळलं ते समुद्राखालच्या तेल आणि वायूने, आणि त्यातला मोठा भागीदार मित्रच होता. ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा ताबा मान्य केला आणि 1989 मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावर उडणाऱ्या विमानात बसून तेलवाटपाच्या करारावर सह्या केल्या, शॅम्पेनचे पेले उंचावले. खाली ज्यांचा समुद्र होता, त्यांचा कुणी माणूस त्या विमानात नव्हता. 1999 मध्ये शांतिसेनेचं नेतृत्व करून ऑस्ट्रेलियाने तिमोरवर मोठे उपकार केले, ते तिमोरी लोक विसरलेले नाहीत. पण त्याच ऑस्ट्रेलियाने तिमोर स्वतंत्र होण्याच्या दोनच महिने आधी, मार्च 2002 मध्ये, सागरी सीमेच्या वादांपुरती आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्ती स्वतःवरून काढून टाकली. 2006 च्या करारात सीमेचा प्रश्न 50 वर्षं पुढे ढकलला गेला. त्या वाटाघाटींच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या हेरांनी मदतकार्याच्या आडून दिलीतल्या मंत्रिमंडळ कार्यालयात चोरून ऐकण्याची यंत्रं बसवली, असा आरोप पुढे त्यांच्याच एका माजी अधिकाऱ्याच्या साक्षीतून झाला.

इथे प्याद्याने काय केलं असतं? तिमोरने करार अवैध ठरवण्यासाठी लवाद मागितला. तिमोरच्या वकिलाकडची कागदपत्रं ऑस्ट्रेलियन यंत्रणांनी छाप्यात उचलली, तेव्हा तिमोर हेगच्या न्यायालयात गेला आणि मार्च 2014 मध्ये ती कागदपत्रं सीलबंद ठेवण्याचा आदेश मिळवला. मग 2016 मध्ये सागरी कायद्यातल्या सक्तीच्या सामोपचाराच्या, म्हणजे एका देशाने मागितलं तर दुसऱ्याला आयोगापुढे यावंच लागतं अशा, कलमावर बोट ठेवलं. ते कलम त्याआधी कोणत्याही देशाने वापरलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाचे आक्षेप आयोगाने फेटाळले आणि 6 मार्च 2018 ला न्यूयॉर्कमध्ये सीमेचा करार झाला. समुद्रातल्या ग्रेटर सनराइज या वायूक्षेत्रातला किमान 70 टक्के महसूल आता तिमोरचा आहे. वायूची नळवाहिनी कुठे न्यायची, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते शानाना गुश्मांव यांनी हा लढा कसा चालवला, यावर आपण एक स्वतंत्र लेख जरूर छापावा.

परराष्ट्र धोरणातही हाच बाणा दिसतो. ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं, त्या इंडोनेशियाशी गुश्मांव यांनी समेट केला. त्यासाठी अत्याचारांचे खटले मागे पडले, याचं दुःख अनेक तिमोरी कुटुंबांना आजही आहे आणि ते रास्त आहे. पण तोच इंडोनेशिया आज आसियानमध्ये त्यांच्या शेजारी बसतो. म्यानमारच्या लष्करशहांविरुद्ध आसियानमधले जुने सदस्य जपून बोलत होते, तेव्हा तिमोरने त्या लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकशाहीवादी सरकारच्या मंत्र्यांना बोलावलं. म्यानमारच्या लष्कराने ऑगस्ट 2023 मध्ये तिमोरच्या राजनैतिक प्रतिनिधीला देशाबाहेर काढलं, तरी तिमोरने भूमिका सोडली नाही. चीनने दिलीत राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आणि परराष्ट्र मंत्रालयाची इमारत बांधून दिली, ऑस्ट्रेलियाने गस्ती नौका देऊ केल्या. तिमोर दोघांकडून घेतो आणि दोघांशीही बोलतो.

त्यांचं घर सगळं ठीक आहे, असं मी म्हणत नाही. 2006 मध्ये सुमारे सहाशे सैनिकांना काढल्यावरून राजधानी पेटली आणि दीड लाख लोक बेघर झाले. पेट्रोलियम निधीतून दरवर्षी झेपेल त्याहून जास्त उपसा चालू आहे आणि बायू-उंदान हे तेल-वायूचं क्षेत्र आटलं आहे. पण सप्टेंबर 2025 मध्ये 65 खासदारांसाठी नव्या मोटारी घ्यायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. संसदेला मोटारी रद्द कराव्या लागल्या, आजन्म निवृत्तिवेतनही रद्द करण्याचा ठराव करावा लागला. ज्या देशाचे लोक असं विचारू शकतात, त्याच्याविषयी लिहिताना त्या लोकांना वगळू नये.

आपल्याकडूनही उशिरा का होईना पाऊल पडलं आहे. दिलीत दूतावास उघडण्याची घोषणा 2023 मध्ये झाली, ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रपती मुर्मू तिथे जाऊन आल्या. गोव्याला यात स्वतःचं काम आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज काळातले पत्रव्यवहाराचे ग्रंथ आहेत आणि तिमोरच्या कारभाराचे कागद त्यांत आहेत. 1999 च्या जाळपोळीत तिमोरने स्वतःच्या कितीतरी नोंदी गमावल्या. आमच्याकडच्या कागदांच्या डिजिटल प्रती दिलीला विनामूल्य द्याव्यात आणि पोर्तुगीज वाचू शकणारे गोव्यातले जुने जाणकार हयात आहेत तोवर त्यांची सूची करून घ्यावी, अशी माझी गोवा सरकारला विनंती आहे. ती आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोचावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
फोंडा, गोवा