बाबांचं २९ साल आणि १९८९ चा जानेवारी

हाचिओजी, टोक्यो
१७ मे २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीही संपली. आई, स्वेटर पाठवू नकोस.

बाबा, कराच्या फॉर्मचा फोटो बघून तुम्ही उगाच काळजीत पडलात. तुमचं जन्मसाल २९ आणि आईचं ३४ हे बरोबरच आहे, मला कुणी फसवलेलं नाही. ही शोवा काळाची, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीची सालं. त्यात १९२५ मिळवा, तुमचं १९५४ आणि आईचं १९५९ येतं. त्यानंतरचा हेइसेइ काळ असेल तर १९८८ मिळवायचे, सध्याचा रेइवा असेल तर २०१८. म्हणून फॉर्मवर यंदाचं साल ८. माझ्या रहिवासी कार्डावर मात्र इंग्रजी तारखा असतात, तेव्हा व्हिसाची मुदत चुकण्याचा प्रश्नच नाही.

आपला राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात, तसंच हे. फक्त इथे १८६८ पासून एका सम्राटाच्या काळाला एकच नाव, आणि सम्राट बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. खरी गंमत १९८९ मध्ये आहे. ७ जानेवारीला, शनिवारी सकाळी ६.३३ ला सम्राट हिरोहितो गेले. सप्टेंबरपासून ते अंथरुणाला खिळले होते, गावोगावचे उत्सवही लोकांनी आवरते घेतले होते. त्याच सकाळी युवराज अकिहितोंकडे तलवार, मणी आणि राजमुद्रा सोपवल्या गेल्या. १९७९ च्या कायद्यानुसार काळाचं नाव मंत्रिमंडळ ठरवतं, म्हणून दुपारी सरकारचे प्रवक्ते ओबुची केइझो यांनी ‘हेइसेइ’ लिहिलेली चौकट कॅमेऱ्यांसमोर उचलून धरली. नवा काळ लागू झाला मध्यरात्रीनंतर. म्हणजे शोवा ६४ उणेपुरे सात दिवस चाललं! शोवा १ सुद्धा सातच दिवसांचं होतं, २५ ते ३१ डिसेंबर १९२६. फरक एवढाच की तेव्हा नवं नाव त्याच दिवशी लागू झालं, म्हणून २५ डिसेंबर आधीच्या तैशो काळाच्या १५ व्या सालातही येतो आणि शोवा १ मध्येही. आपल्या ताईचा जन्म २ फेब्रुवारी १९८९ चा, म्हणजे हेइसेइ १ मध्ये. महिनाभर आधी झाली असती तर शोवा ६४.

त्या सालाची नाणीही आहेत. ५००, १०, ५ आणि १ येनची पाडली, ५० आणि १०० ची नाही. दहा येनच्या तांबूस नाण्यावर साल अंकांत नाही, जपानी अक्षरांत असतं, त्यामुळे सुट्ट्या पैशांत नीट वाचूनच शोधावं लागतं.

हिरोहितोंची समाधी माझ्या याच हाचिओजीत आहे. २४ फेब्रुवारीच्या अंत्यविधीला आपले राष्ट्रपती वेंकटरामन आले होते. चित्रकथाकार तेझुका ओसामू आणि पॅनासॉनिकचे संस्थापक मात्सुशिताही त्याच वर्षी गेले. १ एप्रिलला ३ टक्के विक्रीकर लागला, आता तो १० आहे, खाण्याच्या वस्तूंवर ८. २०१९ ला अकिहितोंनी स्वतःच पद सोडलं, तेव्हा कॉम्प्युटरची तयारी व्हावी म्हणून रेइवा हे नवं नाव महिनाभर आधी जाहीर केलं. तरी हेइसेइ ३३ पर्यंत मुदत लिहिलेले वाहनपरवाने लोकांच्या खिशात होतेच. ते साल कधी उजाडलंच नाही, पण परवाने चालले.

आता पैशांचं. बाबा, तुम्ही सत्तरीपुढचे, तुमच्यासाठी रकमेची अट नाही. आई सत्तरच्या आत, म्हणून तिला वर्षात किमान ३,८०,००० येन पाठवले तरच माझ्या करात सूट मिळते. तेही तिच्याच खात्यात. सगळं तुमच्या खात्यात टाकलं तर तिचं धरतच नाहीत. तेव्हा आईचं खातं या आठवड्यात सुरू करा. माझ्या जन्मदाखल्याची प्रतही पाठवा, त्याचं जपानी भाषांतर मी इथे करून घेते.

गणपतीला येणं जमणार नाही. मागच्या वर्षीही नाहीच म्हणाले होते, माहीत आहे. आई, गुडघ्याचं डॉक्टरला दाखव, खर्च मी बघते. दादरच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये, पण त्यांना घाईने होकार कळवू नका. आधी मुलाशी एकदा फोनवर बोलते. त्याला विचारा, शनिवारी चालेल का, तिकडची दुपार.

तुमची,
मीनल