जुन्या पिकअपची हॉट रॉड: आधी ब्रेक बघा, मग इंजिन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्या कापून-जोडून हॉट रॉड बनवणाऱ्या अमेरिकनांवर लेख आला होता, तो माझ्या मेव्हण्याने साताऱ्याहून व्हॉट्सॲपवर पाठवला, वर "दाजी, हे तुमचंच वर्णन दिसतंय" असा टोमणा. लेख वाचायला मजा आली, पण दोन गोष्टी खटकल्या. लेखक म्हणतात की हा पैसेवाल्यांचा माज आहे आणि ऐतिहासिक वस्तूची नासाडी आहे, आणि शेवटी तर त्याची गाठ पुण्यातल्या बुलेटच्या फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरशी बांधून सगळंच मॉडिफिकेशन बंद करा म्हणून मोकळे झालेत. मी डेट्रॉइटच्या जवळ राहतो, इकडे गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं भरपूर, मी त्यातलाच, आणि शेजारच्या रिटायर्ड आजोबांबरोबर त्यांच्या गॅरेजमधे १९५१ च्या शेवरोलेट ३१०० पिकअपवर गेली काही वर्षं शनिवार-रविवार घालवतोय, बायकोच्या मते जरा जास्तच. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

पहिलं माजाचं. हा प्रकार सुरू झाला कॅलिफोर्नियात, तोही ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा पोरांनी सुरू केला. फोर्डने १९३२ साली साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, आणि मग फोर्डचीच जुनी मॉडेल टी नाहीतर मॉडेल ए भंगारातून उचलायची, मडगार्ड काढून फेकायचे, वजन कमी करायचं, जमेल तसं मोठं इंजिन कोंबायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवायची असं चालायचं. १९३७ ला तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन गाड्यांचा वेग घड्याळ लावून मोजणारी संघटना काढली. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परत आलेली पोरं, ज्यांना तिकडे विमानं आणि ट्रक खोलायची सवय झालेली, ती यात घुसली आणि मग हे रस्त्यावर आलं, म्हणजे अक्षरशः रस्त्यावर, रात्री सिग्नलला रेस. पेपरवाले आणि पोलीस दोघांनाही हॉट रॉडवाले म्हणजे गुंड वाटायचे.

आता यापुढचं जे आहे ते मला आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगायचंय. वॉली पार्क्स नावाच्या माणसाने १९५१ साली एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली, हेतू हाच की पोरांना रस्त्यावरून उचलून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ बंदिस्त पट्टीवर आणायचं, तिथे गाडी तपासायची, ब्रेक धड नसतील तर लाइनला उभंच करायचं नाही. १९५३ ला पोमोना इथे जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमधे त्यांची पहिली अधिकृत रेस झाली आणि १९५४ पासून त्यांची एक छोटी टीम स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून गावोगाव फिरायला लागली, तिथल्या क्लबांना शर्यत नीट कशी घ्यायची, गाडी कशी तपासायची हे शिकवत. बंदीपेक्षा हे काम जास्त कटकटीचं होतं हे उघड आहे, पण त्यातून जे उभं राहिलं ते आज सगळ्या देशात चालतंय.

नासाडीच्या मुद्द्यावर मी लेखकाशी अर्धा सहमत आहे. म्हणजे एखादी पिकअप जशी फॅक्टरीतून निघाली तशी उभी असेल, इंजिन, खिडक्या, मागचा लाकडी फ्लोअर सगळं जागेवर असेल, तर तिला ग्राइंडर लावणाऱ्याच्या हातातून ग्राइंडर काढून घ्यावा असंच मला वाटतं. पण अशा किती मिळतात? हे ट्रक शेतावर वापरायला बनवलेले, बाहेर पावसात उभे राहिलेले, आणि मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गाडी खालून खात खात वर येते. आमच्या आजोबांनी घेतलेल्या पिकअपला केबिनचे मागचे खालचे कोपरे नव्हतेच, फ्लोअरमधून जमीन दिसायची, आणि इंजिन आधीच्या कुठल्यातरी मालकाने काढून विकलं होतं. ओरिजिनल करायची तर कशाच्या जिवावर? तिला दोनच रस्ते होते, भंगाराचा काटा किंवा हे.

तशी ही गाडी आपल्याकडे अगदी परकी नाही हो. शेवरोलेट ज्यांची त्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४ ला बंद झाला, आणि एसटी १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर सुरू झाली त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोलेट पण होत्या. आजोबांना हे सांगितलं तर त्यांना फार गंमत वाटली, आता गॅरेजमधे कोणीही आलं की त्यांना पहिलं हेच ऐकवतात.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण लेखात "मोठं इंजिन बसवतात आणि रंग मारतात" एवढंच एक वाक्य होतं.

या ट्रकला मुळात सहा सिलिंडरचं २१६ क्युबिक इंचाचं इंजिन यायचं, हॉर्सपॉवर साधारण ९०, बॅटरी सहा व्होल्टची. गिअर असे की ओझं ओढायला एक नंबर, पण ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर गेलं की इंजिन ओरडायला लागतं. आम्ही टाकतोय ३५० क्युबिक इंचाची शेवरोलेट स्मॉल ब्लॉक व्ही-८. खरं सांगायचं तर यात काडीचीही नवलाई नाही, इकडे ज्याला दुसरं काही सुचत नाही तो ३५० टाकतो, पण सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि आजोबांना ते डोळे मिटून खोलता येतं. पण इंजिन बदललं की मूळचा गिअरबॉक्स जातो. या ट्रकमधे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा दांडा, एका जाड नळीत बंद असतो आणि मागच्या अॅक्सलचा पीळ ती नळीच झेलते, त्यामुळे गिअरबॉक्स गेला की शाफ्ट गेला, शाफ्ट गेला की मागचा अॅक्सलही गेला. मग रेडिएटर लहान पडतो, सायलेन्सरचे पाइप स्टिअरिंगच्या रॉडला लागतात, वायरिंग बारा व्होल्टची करायची म्हणून वायपरपासून डॅशबोर्डवरच्या काट्यांपर्यंत सगळं बदलायचं. एक नट काढायला गेलो की गाडी पूर्ण खोलूनच थांबतो आपण.

आणि हे सगळं करायच्या आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. मूळ चासीचा गज सी आकाराचा, एका बाजूने उघडा असतो, तो जुन्या इंजिनला पुरायचा, पण व्ही-८ चा पीळ पडला की तो वळतो. म्हणून उघड्या बाजूला आतून पोलादी पट्टी वेल्ड करून त्याचा बंद चौकोनी बॉक्स करायचा. हे वेल्डिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढलं तर उष्णतेने गज केळीसारखा वाकतो, म्हणून इंचभर इथे, इंचभर तिथे, मधे थंड होऊ द्यायचं, परत मापं घ्यायची, कर्ण मोजायचे. गाडी खाली बसवायची असेल तर मागच्या अॅक्सलच्या वर चासीला अर्धगोल खाच घेऊन तिथे जाड प्लेट बसवतात, नाहीतर खड्ड्यात अॅक्सल चासीवर आपटतो. आमच्या आजोबांनी वेल्डिंगमधेच आयुष्य काढलंय, मला त्यांनी आधी किती दिवस नुसत्या भंगार पट्ट्या जोडायला लावल्या विचारू नका.

पुढची चाकं म्हणजे बैलगाडीसारखा सलग एक लोखंडी आस आणि त्याखाली पाटे. तो काढून मस्टँग टू पद्धतीचं सस्पेन्शन लावतात, फोर्डच्या १९७४ ते १९७८ च्या त्या छोट्या मस्टँगचं डिझाइन, ती गाडी स्वतः कोणाला फारशी आवडली नाही पण तिचं पुढचं सस्पेन्शन आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग जुन्या गाड्यांत इतकं फिट बसतं की आज त्याचे नवेकोरे किट मिळतात. शेवरोलेटच्या ट्रकला फोर्डचे पाय म्हणून इकडचे कट्टर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत.

ब्रेक हा माझा आवडता विषय. मूळ ट्रकला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, ते ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर पायाखाली फ्लोअरच्या खालच्या अंगाला. म्हणजे कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. आणि पेट्रोलची टाकी कुठे, तर केबिनमधे, सीटच्या पाठीमागे! माणूस टाकीला टेकून बसायचा. सीटबेल्ट नव्हतेच. ज्यांना जुनं ते सोनं वाटतं त्यांनी एकदा अशी ओरिजिनल गाडी पावसात उतारावर चालवून बघावी. आम्ही पुढे डिस्क ब्रेक घेतले, दोन वेगळ्या सर्किटचा मास्टर सिलिंडर, टाकी मागच्या बॉडीखाली चासीच्या दोन गजांच्या मधे, बेल्टचे बोल्ट फ्लोअरच्या पत्र्यात नुसते न घेता खालून जाड प्लेट लावून. इंजिनपेक्षा जास्त पैसे आणि जास्त वेळ या गोष्टींत गेलाय, आणि फोटोत यातलं काहीही दिसत नाही. तुमच्या लेखकाला बोनेट उघडून दाखवलेलं चकचकीत क्रोम दिसलं, त्यांचाही दोष नाही म्हणा, सगळे तेच दाखवतात.

(टप कापून छत खाली आणतात तो प्रकार आम्ही केलेला नाही. या मॉडेलची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची असते म्हणून कापायला सोपी जाते, पण मागच्या कोपऱ्याच्या त्या गोल खिडक्यांची रया जाते असं माझं मत. आजोबांचं मत वेगळं आहे, पण ट्रक अर्धा माझाही आहे.)

आता आपल्याकडचं. आपल्या कायद्यात जुन्या गाडीला, आहे तशी तपासून नोंदणी वाढवून घेणं सोडलं, तर सरळ दारं दोनच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. ते ठीकच आहे, विंटेजची व्याख्या तशीच हवी. दुसरं दार भंगाराचं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मधे हेच उचलून धरलं. यामुळे होतं काय की कर्कश सायलेन्सर लावणारा आणि जीपला चांगले डिस्क ब्रेक बसवणारा, दोघंही एकाच रांगेत गुन्हेगार. सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, खुशाल फिरवा. पण दुसऱ्याचं काय?

बरं, तपासून नोंद करायची पद्धत आपल्याकडे नाही असंही नाही. सीएनजी किट बसवलं की आरसीवर नोंद होतेच की. दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायची सोय कायद्यात आहे. ब्रिटनमधे जुनी गाडी बदलल्यावर तिचा मूळ नंबर राहणार का हे ठरवायला वर्षानुवर्षं गुण दिले गेले, मूळ चासीला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनला फक्त १, एकूण निदान ८ हवेत. कॅलिफोर्नियात तर धुराचे नियम एवढे कडक, तरी स्वतः बांधलेल्या ५०० गाड्यांना दरवर्षी वेगळी सवलत मिळते. उलट आमच्या मिशिगनमधे गाडीची वार्षिक तपासणीच नाही, ते मला अजिबात पटत नाही, घरी बनवलेल्या गाडीचं वेल्डिंग तिसऱ्या माणसाने बघितलंच पाहिजे.

महाराष्ट्राने हे सुचवायला काय हरकत आहे? गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभी राहणारी माणसं अशी आहेत की ड्रॉइंग नसलं तरी भाग बनवून देतील. वर्षाला ठरावीक गाड्या घ्या, फी भरपूर लावा, चासीचं वेल्डिंग, ब्रेक, स्टिअरिंग, आवाज आणि धूर तपासा, पास झाली तर आरसीवर "बदललेले वाहन" लिहून द्या आणि नापास झाली तर घरी पाठवा. माल वाहायला परवानगी देऊ नका. निर्णय केंद्राचा आहे हे मला कळतं, पण प्रस्ताव तर राज्याकडून जाऊ शकतो, आणि तुमच्या पेपरने परिवहन खात्याला एवढं विचारलं तरी पुरे.

शेवटी एक दुरुस्ती छापा. लेखासोबतच्या फोटोखाली "१९४० ची फोर्ड" लिहिलंय. त्या ट्रकची पुढची काच अखंड आणि वळलेली आहे आणि ग्रिलमधे जाड आडवी पट्टी आहे, म्हणजे ती शेवरोलेट आहे, १९५४ ची किंवा फार तर १९५५ च्या सुरुवातीची. आजोबांना फोटो दाखवला तेव्हा मराठी येत नसूनही ते कॅप्शनमधला आकडा कुठला म्हणून विचारत होते, मी सांगितलं नाही.

आपला,
एक वाचक
मूळ सातारा, सध्या मिशिगन