सिस्टर, तुम्ही मला दारातून आत बोलावलंत

सिस्टर,

आमच्या हिला जाऊन तीन महिने झाले. दुखणं शमवणाऱ्या मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या परत करायला मी तुमच्या पॅलिएटिव्ह विभागाच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणाऱ्या विभागाच्या, ओपीडीत आलो, तेव्हा तुम्ही कुठल्यातरी घरी गेला होतात. काउंटरवर बावीस गोळ्या मोजून दिल्या, वहीत सही केली आणि निघालो. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र उघडं लिहितोय, कारण जिथे बाई पदराखाली जखम झाकून बसली आहे आणि नवरा बाहेर गॅलरीत उभा आहे, अशा आणखी घरांपर्यंत ते पोचावं असं मला वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मीही गॅलरीतच उभा होतो.

त्याआधीचं सगळं तुम्ही फाईलमध्ये वाचलेलंच आहे. २०१६ साली डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. पाच वर्षं बरी गेली. मग कंबर धरली. आम्ही वाताचं दुखणं समजून तेल चोळत राहिलो आणि तपासणीत निघालं की आजार हाडांत आणि यकृतात पोचलाय. टाटाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता तो मुळापासून जाणार नाही, पण आवरून धरता येईल. तो आवरलाही. तीन आठवडे कॅन्सरची वाढ रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या, एक आठवडा सुट्टी, दर महिन्याला हाडांची सलाइन. २०२३ च्या जानेवारीत त्या गोळीचं पेटंट संपून स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, तेव्हा मुलाच्या कपाळावरची आठी सैल झालेली मी पाहिली. त्या काळात ही स्वयंपाक करायची, हळदीकुंकवाला जायची. चौथी स्टेज म्हणजे लगेच शेवट असं समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

मग गोळ्या लागू पडेनाशा झाल्या आणि ऑपरेशनच्या जुन्या व्रणावर गाठी येऊन फुटल्या.

आमची खोली १६० चौरस फुटांची. तिथे वास लपणार कुठे? ही मोरीजवळ चटई टाकून झोपायला लागली. दिवसभर उदबत्ती. सहा वर्षांचा नातू डोंबिवलीहून आला की त्याला दारातूनच खाऊ द्यायची. डाव्या हाताला सूज चढून बांगड्या कापाव्या लागल्या, त्याचं तिला फार लागलं होतं, पण वासाबद्दल ती एक अक्षर बोलत नव्हती. जवळच्या एका दवाखान्यातले डॉक्टर जखम न उघडताच म्हणाले, "आता करण्यासारखं काही नाही, घरीच ठेवा." घरी ठेवून काय करायचं, ते कोणी सांगत नव्हतं.

तुम्ही आलात आणि खुर्ची नको म्हणून हिच्या चटईवर बसलात. नाकाला रुमाल लावला नाहीत. "मावशी, मी बघू का?" असं विचारलंत. तिला विचारलंत, मला नाही. मी सवयीने बाहेर गेलो. पाचेक मिनिटांनी तुमची हाक आली, "काका, आत या. उद्या मी नसेन, तुम्हालाच करायचंय."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या अंगाकडे उजेडात असं कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही माझ्या हातात हातमोजे दिलेत आणि शिकवत गेलात. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर मीठ, उकळून गार केलेलं. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, आधी भिजवायची. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर पसरायची, कारण वास येतो तो तिथल्या जंतूंमुळे, आणि हे औषध त्यांनाच मारतं. गेजवर फार खर्च नको म्हणून तुम्ही हिच्याच जुन्या सुती साड्यांच्या घड्या कापून कुकरमध्ये वाफवायला शिकवलंत. तिच्या लुगड्याचा मऊपणा तिच्याच कामी आला, हे तिला आवडलं. "ही आपल्या ठाण्याच्या घरभरणीची साडी," असं घडी ओळखून ती मला सांगायची.

चारपाच दिवसांत वास उतरला. रविवारी नातू आला तेव्हा तिनेच हात पुढे केला. तो तिच्या उजव्या कुशीत तासभर झोपला होता, सिस्टर. त्याचं बक्षीस म्हणून मी तुम्हाला काय देऊ शकलो? एक कप चहा.

दुखण्याबद्दल विचारण्याची तुमची रीतही मला विसरता येत नाही. शून्य ते दहा हिला उमगेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मावशी, रुपयातले किती आणे दुखतंय?" ती लगेच म्हणाली, "चौदा." बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो, हिशोब मला कळतो. सोळातले चौदा आणे दुखणं घेऊन ती रोज माझ्यासाठी भाकरी टाकत होती.

मॉर्फिनला मी घाबरलो होतो. अफूची गोळी, सवय लागेल, ही शेवटचीच औषधं, हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही रागावला नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणं किती अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने वाट कशी मोकळी केली, हे सांगितलंत. दुखण्यासाठी बेताने दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, उलट झोपतो, जेवतो, बोलतो, हे पुढे मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट. दुखायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहायचं. पोट साफ होण्याची गोळी मात्र रोज, चुकवायची नाही. कंडक्टर असताना तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल लिहायचो, तशी वही लिहिली. आठवड्यात चौदाचे चार आणे झाले.

आणि मग तुम्ही ते विचारलंत, जे आम्ही तीन वर्षं टाळत होतो. "मावशी, आजाराबद्दल तुम्हाला काय काय कळलंय?" मी तुम्हाला खुणेने थांबवत होतो. ती म्हणाली, "सगळं कळलंय गं. ह्यांना बोलवत नाही म्हणून मी गप्प." तुम्ही पुढे विचारलंत की मग तुम्हाला काय करायचंय. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "गौरीला गावी जायचंय. सुनेचा ओवसा आहे."

इतर कोणी हसून विषय बदलला असता. तुम्ही वही काढलीत. रेल्वेच्या कन्सेशनचा फॉर्म कुठे मिळतो, कोणाची सही लागते, स्लीपरला कॅन्सरच्या पेशंटचं तिकीट माफ आणि सोबत्याला पाऊण सवलत, हे तुम्हीच सांगितलंत. पंधरा दिवसांच्या गोळ्या, मॉर्फिनचं पत्र, ड्रेसिंगची पिशवी, हातासाठी उशी. तुतारी एक्स्प्रेसने आम्ही कणकवलीला उतरलो. सून ओवशाचं सूप, म्हणजे गौरीला वाहायचं वाण, घेऊन गौरीपुढे उभी राहिली तेव्हा ही भिंतीला टेकून बसून तिला सांगत होती, पदर असा घे, विडा तसा ठेव. तुमचा फोन रोज संध्याकाळी यायचा आणि ती मला न देता स्वतःच बोलायची.

शेवटच्या रात्रीचं थोडंच लिहितो. श्वास घरघरायला लागेल, त्याचा तिला त्रास होत नसतो, घाबरून धावपळ करू नका, कुशीवर वळवा, ओठ ओले ठेवा, असं तुम्ही आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही घाबरलो नाही. पहाटे मी ओठांवर पाणी लावत होतो, मुलगी केस विंचरत होती. ती तिच्या खोलीत, तिच्या माणसांत गेली.

लोकांना एवढंच सांगेन की पॅलिएटिव्ह विभागाकडे सगळं संपल्यावर जाऊ नका. आम्ही दोन वर्षं आधी गेलो असतो, तर तिची मोरीजवळची चटई टळली असती.

सिस्टर, वाफवलेल्या घड्यांचा एक डबा अजून कपाटात आहे, आणि मंगळवार-शुक्रवार मी मोकळा असतो. पुढच्या एखाद्या घरी नवरा बाहेर उभा राहिलेला दिसला, तर मला फोन करा. नायगाव, परळ, शिवडी, कुठेही. मी येईन आणि त्याच्याबरोबर पहिलं ड्रेसिंग करीन.

तुमचा,
वहीवाला काका