माळावरची छोटी शिकार कोठे गेली

सहकारनगर, पुणे
दि. ८ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. नोकरी संपवून तू सुप्याच्या शेतावर कायमचा राहायला गेलास आणि तिथले जे बदल तुला खटकले, त्यांत बांधावरून लावे उठत नाहीत ही गोष्ट तू सर्वांत आधी लिहिलीस, याचे मला नवल वाटले नाही. ससे, तित्तर, लावे पारध्यांनी संपवले की औषधफवारणीने, असे तू विचारले आहेस, आणि गावात ज्याला विचारावे तो पारध्यांचेच नाव घेतो असेही लिहिले आहेस. एका वाक्यात देण्याजोगे हे उत्तर नाही. शिवाय मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेले, त्यामुळे लांबण लागणार हे तुला ठाऊकच आहे.

आधी शिकारीचा हिशेब करू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा लहान सावजांच्या शिकारीसाठी परवाना काढण्याची सोय त्या कायद्यातच होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली आणि तेव्हापासून तित्तर मारणे हा सरळ गुन्हा आहे. आपल्या लहानपणी परवाना असो वा नसो, ज्याच्या घरी ठासणीची बंदूक होती तो सुगी सरली की रानात जातच असे, वाघरी म्हणजे जाळी लावून ससे धरले जात आणि बाजारच्या दिवशी पाय बांधलेले लावे उघडपणे विकायला येत. एवढी मारामारी होऊनही पुढच्या मृगात बांधाबांधावर तित्तर बोलत, कारण या जातीच्या पक्ष्यांची रीतच तशी आहे: मादी एका वेळी सहा-सात अंडी घालते, त्यांतली बरीच पिल्ले वर्षाच्या आत कशाने ना कशाने मरतात आणि उरलेल्यांवर कुळी चालते. शिकारी नेत असे तो बहुतेक या वाढाव्यातला हिस्सा होता. आता बंदुका जवळजवळ गेल्या, कायदा कडक झाला, आणि लावे तरीही कमी झाले. तेव्हा मुख्य कारण मारण्यात शोधण्याऐवजी वाढण्यात शोधायला हवे, असे माझे मत आहे.

पारध्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो आरोप मला सलतो. फासेपारध्याचे काम मी अगदी जवळून पाहिले आहे. हातभर लांबीच्या बारीक काड्या, प्रत्येकीला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा सरकफास, अशा काड्यांची रांग तो झुडपांच्या कडेने जमिनीत रोवतो. मधोमध पिंजऱ्यात पाळलेला नर तित्तर ठेवतो आणि स्वतः दूर जाऊन बसतो. पिंजऱ्यातला नर बोलू लागला की त्या हद्दीचा धनी असलेला रानातला नर भांडायला धावत येतो आणि मान किंवा पाय फासात अडकवून घेतो. या पद्धतीत सकाळभर बसून हाती लागणार किती? ज्या माणसाला पुढच्या वर्षीही त्याच माळावर पोट भरायचे आहे, तो माळ उजाड करत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची रीत पाडली. १९५२ साली तो कायदा गेला, पण गावच्या बोलण्यातून ती रीत अजून गेलेली नाही. आज खरी शिकार करतात ते वेगळेच लोक. रात्री मोटारसायकलवर मागे बॅटरीवाला बसवून, झोतात दिपून बसलेला ससा टिपून पार्टी करणारे हौशी लोक गावोगाव आहेत आणि त्यांच्यात पारधी शोधून सापडणार नाही. सशांच्या बाबतीत हे कारण मी लहान मानत नाही.

आता पिल्लाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथे आहे. तित्तराचे किंवा लाव्याचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच आईमागे चालू लागते. चिमणी भरवते तसे त्याला कोणी भरवत नाही. त्याचे अन्न त्यानेच टिपायचे असते. मोठा तित्तर बी, धान्य, कोंब, वाळवी असे सारे खातो, पण पहिले दोन आठवडे पिल्लाला मऊ किडेच लागतात, कारण अंगावर पिसे भरण्यासाठी लागणारी प्रथिने बियांतून पुरेशी मिळत नाहीत. म्हणजे त्याला तिथल्या तिथे, चार पावलांवर किडे हवेत, आणि किडे हवेत म्हणजे तण हवे. तणनाशकाने पिल्लू मरत नाही, पण किडा ज्या पाल्यावर जगतो तो पालाच नाहीसा होतो आणि पिल्लू उपाशी, गारठून, किंवा अन्नासाठी फार दूर भटकताना मरते. या मरणाला साक्षीदार नसतो, म्हणून त्याचा आळ कोणावर येत नाही.

हे माझे तर्कट नाही. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या शेतांवर १९६८ पासून राखी तित्तराच्या तिकडच्या भाईबंदाचा अभ्यास चालू आहे, आणि गव्हातले तण मारल्याने किडे घटले, किडे घटल्याने पिल्ले जगेनाशी झाली, ही साखळी तिथे स्पष्टपणे मांडली गेली. नंतर त्यांनी काही शेतांच्या कडेची सहा-सात मीटरची पट्टी औषध न मारता ठेवून पाहिली, तेव्हा तिथल्या माद्यांमागे अधिक पिल्ले दिसली. त्याच देशात सॅलिसबरीच्या मैदानावर कोल्हे, कावळे वगैरे भक्षक विणीच्या काळात आवरले, तेव्हाही तित्तर वाढले हे सांगायला हवे. नाहीतर मी सोयीचे तेवढेच सांगितले असे तू म्हणशील. पण भक्षक अंडी आणि मादी खातो ती आडोसा विरळ झाल्यावर जास्त सहज, त्यामुळे ही दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

तुझ्या शेताभोवती काय बदलले ते तूच माझ्यापेक्षा चांगले सांगशील. सुपे-मोरगावचा तो पट्टा म्हणजे पावसाच्या छायेतला, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा, बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बी ज्वारीचा. बाजरी काढल्यावर धसकटांचे रान महिनोन्‌महिने उभे असे, आणि सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लिहिलेल्या मुरमाड तुकड्यावर कुसळी, पवना, मारवेल वाढे. जनाई-शिरसाई आणि पुरंदर या उपसा सिंचन योजनांचे पाणी आले आणि ते सारे पालटले. पाणी आले याचे मला दुःख नाही. तुझ्या आईने उन्हाळ्यात टँकरमागे धावून घागरी भरलेल्या मी पाहिल्या आहेत. पण पाण्यामागोमाग ऊस, कांदा आणि डाळिंब आले, पोटखराबा जेसीबीने सपाट झाला, वाटणीत बांध कोरून कोरून वीतभर उरले आणि जे उरले त्यांवर आता ग्लायफोसेट हे तणनाशक पडते. उसात कोल्हा सुखाने राहतो, जुन्नरकडे तर बिबट्याही राहतो. पण लाव्याला वावरायला उघडी जमीन आणि वर विरळ गवताचे छत असे दोन्ही लागते, ते दाट, ओल्या उसात मिळत नाही. वहिवाटीचे गुरांचे कळप घटले तेही थोडे आड आलेच असणार: माळावरच्या वाळक्या शेणाच्या पोवट्या पायाने उकरून त्याखालचे किडे आणि वाळवी वेचणारा तित्तर तू आणि मी कितीदा पाहिला आहे.

सशाचे कोडे वेगळे आहे आणि त्याला हेच उत्तर लावले तर ते चुकेल. ससा गवत खातो, किडे नाही. फवारणीने त्याचे अन्न फारसे हटत नाही. तो बीळ करत नाही, गवतात अंगाएवढा खोलगा करून दिवसभर तिथेच दबून बसतो, आणि मादी एक-दोन पिल्ले तशीच उघड्यावर घालते. अशा जनावराचे खरे वैरी आता कुत्रे आहेत. हॉटेलांचे उष्टे, कोंबडीच्या दुकानांचा कचरा, गोठ्यातली मेलेली वासरे यांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या ढाब्यांपासून माळापर्यंत फिरतात, आणि त्यांचे पोट आपण भरत असल्यामुळे ससे कितीही कमी झाले तरी त्या कमी होत नाहीत. रानातल्या भक्षकाला सावज घटले की उपासमार होते आणि सावजाला उसंत मिळते; कुत्र्याच्या बाबतीत ती कडीच तुटलेली आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर खोकडांचा, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्यांचा, अभ्यास झाला, तेव्हा कुत्री आसपास असली की खोकड खाणे सोडून सावध होते आणि कुत्र्यांचे रोग त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा धोका मोठा आहे, असे दिसून आले. त्यात रुंद झालेले पालखी मार्ग आणि त्यांवरची रात्रीची वाहने धर. सशाला रस्ता ओलांडताना दिव्यासमोर थिजायची खोड आहे. पूर्वी ती बैलगाडीपुढे चालून गेली.

सरकारविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या महसुली दप्तरात गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमीन म्हणजे काहीतरी करायची जागा. मग त्यावर कोणी गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून वनीकरण करतो, कोणी औद्योगिक वसाहत आखतो, आणि आता शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर पट्ट्यांसाठी गायराने मागितली जात आहेत. झाड लावणाऱ्याला वाईट कसे म्हणावे, हीच अडचण आहे. पण माळावर झाडी दाटली की तिथे ससाणे, कावळे यांना बसायला फांदी मिळते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पखुर्डीसारख्या पक्ष्याचे घर जाते. माळढोकाचे काय झाले ते तर सर्वांसमोर आहे: शिकारबंदी १९७२ ची, नान्नजचे अभयारण्य १९७९ चे, आरंभी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे आणि पुढे बाराशेवर आणलेले, आणि आता तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. त्याला कोणी पारध्याने संपवले नाही. तुमच्या शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे टिकले याचा मला आनंद आहे, पण १९९७ साली राखलेले ते रान पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या कुंपणाबाहेर जे होते त्यावरच लाव्यांचे भवितव्य ठरणार. अलीकडे वनखात्याने कडबनवाडी आणि शिरसुफळ येथे गवताळ सफारी सुरू केली, हे मात्र बरे झाले, कारण गवत पाहायला लोक पैसे देतात हे निदान गावकऱ्यांना दिसले.

तू म्हणशील की मोर तर वाढले, मग किडे आणि तण यांचे काय? प्रश्न रास्त आहे. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली निघालेल्या अहवालातही मोरांची वाढ दिसते, आणि इथे पुण्यात तळजाईच्या टेकडीवर पहाटे त्यांची केकावली मीही ऐकतो. पण मोर रात्री झाडावर झोपतो, शेतातले भुईमूग-टोमॅटोही सोडत नाही, आणि देवाचे वाहन म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. लावा जमिनीवरच झोपतो. रानलाव्यांचा थवा शेपट्या आत आणि चोची बाहेर करून वर्तुळात बसतो आणि पायाशी आल्यावर फुटून दहा दिशांना उडतो, हे तुला आठवत असेल. त्याच अहवालात दीर्घकाळची कल जोखता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्याचे नोंदले आहे. वाघांची मात्र दर चार वर्षांनी गणना होते आणि आकडा पंतप्रधान जाहीर करतात. सशांसाठी तशी व्यवस्था नाही, आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

आता तुझ्या हातात काय आहे ते लिहितो. तुझ्या रानाच्या उत्तरेचा ताल आणि ओढ्यालगतचा पोटखराबा ही दोन ठिकाणे यंदापासून तशीच सोड. तिथे तणनाशक मारू नकोस, फेब्रुवारी-मार्चमध्ये बांध पेटवायला कोणाला देऊ नकोस आणि गवत कापायचे असेल तर दिवाळीनंतर काप, कारण तोवर बहुतेक पिल्ले उडती झालेली असतात. सलग पट्टी दोन-तीन मीटर रुंद मिळाली तरी चालेल. बांधावर तूर ठेवलीस तर आडोसाही होईल आणि डाळही. शेजारचे भाऊसाहेब कुरकुर करतील की तुझे तण आमच्या कांद्यात येते. त्यांच्या बाजूला हातभर खुरपून घेत जा, म्हणजे भांडण टळेल. कोंबड्यांची घाण टाकायला खड्डा करून तो झाकायला सांग, कुत्र्यांचा अर्धा प्रश्न तिथे सुटतो. आणि एक वही घाल: पहिल्या पावसापासून दर पंधरवड्याला पहाटे विहिरीच्या धक्क्यावर अर्धा तास बसून किती तित्तर आणि किती लावे बोलले, कोणत्या दिशेने, एवढेच लिही. आवाज ओळखण्याची तुला अडचण नाही. पावसाळी लाव्याचा दुहेरी टिपका तुझ्याइतका चांगला कोणाला कळत नाही. यंदा आकडा शून्य आला तरी तो शून्य म्हणून लिहून ठेव. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा ती वही बरोबर ने, आणि सौर पट्ट्यांसाठी माळ द्यायचाच असेल तर ओढ्याकडची बाजू वगळून द्यावी एवढी तरी मागणी मांड.

श्रावणात शाळांच्या तपासणीचे काम आटोपले की मी येतोच. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. हुलग्याचे पीठ पाठवणार असलास तर सुप्याहून स्वारगेटला येणाऱ्या एसटीत कोणाच्या हाती दे, मी न्यायला जाईन.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

तुझा,
अरुण