पायाळू बाळाच्या आजी-आजोबांना

सांगली

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. मी सिझरचा विषय काढला की आईचा आवाज कापतो, फोन बाबांकडे जातो आणि बाबा विचारतात, "आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे?" तेव्हा पाण्याचं आधी सांगून टाकते. इशारा पातळी ४० फुटांची, आणि पाणी अजून बरंच खाली आहे. तरी नदीकाठच्या गावभागात राहून जिवाला घोर नको म्हणून मी आठवडाभर आधीच मिरजेला नणंदेकडे जाणार आहे. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर.

आता सिझरचं. बाळ अजून पोटात बसूनच आहे, डोकं वर आणि बूड खाली. दिवस भरत आले तरी शंभरातली तीन-चार बाळं अशी राहतात. पोटावरून हातानं फिरवून बघतात, पण बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी आहे म्हणून डॉक्टर नको म्हणाल्या. मी पहिलटकरीण, त्यात अशा बाळाचं अंग आधी बाहेर येतं आणि डोकं मागे अडकायची भीती असते. बाबा म्हणतात, हल्ली पैशासाठी सिझर करतात. बाबा, हे अगदीच खोटं नाही. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात आणि खासगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी. म्हणूनच आम्ही रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनीही हेच सांगितलं. आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ बसली की भरलेली उसण जाते म्हणतात, तर तुमच्या कंबरेची सोय घरातच होतेय!

आई, तू गुरुजींना विचारलेला मुहूर्त अडतिसावा आठवडा भरायच्या आत येतो. तो नको. तसंच काही कारण असल्याशिवाय ठरवून करायचं सिझर एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी करत नाहीत. आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त, मग ते काचेच्या पेटीत आणि मी खाटेवर. बाबा, काडी पिकल्याशिवाय तुम्ही द्राक्षाची छाटणी घेता का? मग आईला तुम्हीच समजवा. ठरलेल्या दिवशी सकाळी राहुकाळ टाळता आला तर टाळू, पण भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर हजर असतील तीच वेळ खरी.

आणि हो, मला भीती वाटते. "घाबरू नकोस, काही होत नाही" असं तुम्ही दोघं म्हणता ना, की मला पुढचं काही बोलताच येत नाही. पोट कापणार याची तेवढी नाही वाटत, जागं राहायची वाटते. पाठीत सुई घेताना आपण हललो तर? भूल नीट चढलीच नाही तर? रात्री दोन-अडीचला जाग येते आणि हेच डोक्यात फिरतं. तुमचे जावई शेजारी घोरत असतात, त्यांचाही राग येतो.

शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, भूल देणाऱ्या बाईंना आधीच भेटून ये. बरं झालं गेले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पोटाशी उशी दिली, हनुवटी छातीला टेकवायला लावली आणि म्हणाल्या, "आता कंबर माझ्याकडे ढकल." मग मणक्यावर बोट दाबून दाखवलं, सुई इथे. कळ येत असेल तर आधी सांगायचं, त्या थांबतात. पाय गरम होतात, मग जड. थंडगार स्पिरिटचा बोळा आधी हाताला लावतात, मग पोटाला, आणि विचारतात गार लागतंय का. गार लागेनासं झालं की नाही, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. आतली ओढाताण आणि दाब कळतो, दुखत मात्र नाही. दुखलंच तर सांगायचं, त्या माझ्या डोक्याशीच असणार. मळमळेल, दात वाजतील, तेही होतं म्हणे. आता रोज रात्री मी कॉटच्या कडेला उशी घेऊन तशी बसते आणि जावई अंगठा दाबतात. पहिल्या रात्री गुदगुल्या झाल्या. आता होत नाहीत.

आई, पाठीतल्या सुईनं कंबर कायमची जाते असं शेजारच्या काकूंनी सांगितलं ना, तेही विचारलं. तसं नाही. नॉर्मल झालेल्यांच्याही कंबरा दुखतातच. क्वचित कुणाचं डोकं दुखतं, बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी. तसं झालं तर लगेच सांगायचं, त्यावर उपाय आहे. काकूंना माझा नमस्कार सांग, पण त्यांच्या भाचीची गोष्ट आता परत नको.

बाबा, तुम्ही बाहेर बाकावर बसणार, म्हणून हे नीट वाचा. एकदा सुरू झालं की बाळ बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतं. टाके घालायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. नर्स बाळ घेऊन आली आणि मी आले नाही, तर काही बिघडलं असं समजून दारावर थापा मारू नका.

बाळाला मध किंवा गुटी चाटवायची नाही, वर्षाच्या आत मध तर नाहीच. पहिला चीक मीच पाजणार. सिझर झालं की दूध येत नाही, हेही खरं नाही, एखादा दिवस उशीर होतो एवढंच. दुसऱ्या दिवशी मला उठवून चालवतील, तेव्हा "ओलं अंग आहे, पडून राहा" म्हणू नकोस. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून ते करतात. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मात्र हवी. शेक-शेगडीचं आपण तेव्हा बघू, टाक्यांना धूर आणि तेल लागता कामा नये.

आदल्या रात्रीपासून मला उपाशी राहायचंय, तुला नाही. सुटका होईपर्यंत पाणीही घेणार नाही असं तू बोललीस म्हणे. आई, तुला साखर आहे. भाकरी खाऊन, गोळी घेऊनच एसटीत बस, आणि बाबांची बीपीची गोळी तुझ्याच पिशवीत ठेव. ते विसरतात. आणि तुलाही भीती वाटते ना? मग आल्यावर माझ्याशी बोल, फोन बाबांना देऊ नकोस.

तुमची,
बबी